उबेत ठेवलेलं यंत्र

दार उघडलं की भोंगा वाजतो हे मला ठाऊक होतं, तरीही तो वाजला तेव्हा चोरी करताना सापडल्यासारखी मी मान खाली घातली. रिंकच्या कडेला जी उबेची खोली आहे, मुलं जिथे स्केट्स बांधतात, तिच्या बाहेरच्या भिंतीवर छातीच्या उंचीला ती पांढरी पेटी. वर हिरवं हृदय आणि हृदयात विजेची रेघ. आत थांबलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र असायला हवं होतं, ते नव्हतं. आत लहान मुलांचे हातमोजे होते, एकएकटे, जोडी हरवलेले, कुणीतरी नीट दाबून रचून ठेवलेले. एक लाल, त्याच्यावर लोकरीचं अस्वल. भोंगा वाजत होता आणि माझं लक्ष त्या अस्वलाच्या एका डोळ्यावर. बर्फावरची मुलं थांबली. मोठी माणसं मात्र वळली नाहीत. आमच्या डुलुथ गावात दुसऱ्याच्या फजितीकडे बघत नाहीत, ती रीत आहे. जाड कोटातल्या सगळ्या पाठी तेवढ्या माझ्याकडे बघत होत्या. मग जांभळ्या टोपीतली एक बाई सावकाश आली, माझ्या खांद्यावरून हात घालून तिने पेटीचं दार लोटलं, भोंगा बंद झाला, आणि ती म्हणाली, दाराचा खटका जरा सैल आहे, वाऱ्यानेच उघडलं असेल. वारा नव्हता. मी म्हटलं, हो, वाराच असेल. माझी मुलगी लेम्पी शेजारी उभी होती, स्केट्सच्या नाड्या गळ्यात अडकवून, आणि ती दोन्ही पातळ लोखंडी पाती तिच्या छातीवर एकमेकांवर किणकिणत होती. तिने वर बघून विचारलं, "आहे ना गं?"

आमचा करार होता. पेटीत यंत्र असेल तर स्केट्स, नसेल तर घरी. करार मी केला होता, पण शब्द हृदयाच्या डॉक्टरीणबाईंचे होते. त्यांनी लेम्पीच्या हृदयाचा लांब कागदी आलेख टेबलावर पसरला, पेन्सिलीच्या टोकाने एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर दाखवलं आणि म्हणाल्या, हे अंतर सीमेवर आहे. आजार आहे असं म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. धावू दे, स्केटिंग करू दे, मूल आहे ते. फक्त झटका देणारं यंत्र हाताशी असेल आणि ते चालवणारं कुणी जवळ असेल अशाच जागी. मी यंत्र चालवायला शिकले. त्यात शिकण्यासारखं फार नाही, ते स्वतःच बोलतं. दोन पट्ट्या चिकटवा म्हणतं, लांब व्हा म्हणतं. राहिलं होतं फक्त हाताशी असणं. आणि 'सीमेवर' हा शब्द. त्या शब्दाने मला घाबरवायला हवं होतं, पण पहिल्यांदा नुसतं कुतूहल वाटलं. सहा वर्षांच्या पोरीच्या आत एक सीमा आहे, पेन्सिलीच्या टोकाएवढी, आणि ती तिच्यावर रोज उड्या मारते.

सीमेचं मला लहानपणापासूनच वेड. मी पलीकडच्या सुपीरिअर गावची. मधे खाडी, खाडीवर लांब पूल, पुलाच्या मधोमध कुठेतरी विस्कॉन्सिन राज्य संपतं आणि मिनेसोटा लागतं. गाडीच्या मागच्या सीटवर मी आणि माझा भाऊ एली श्वास रोखून बसायचो, बरोब्बर रेघेवर सोडायचा म्हणून. रेघ कुठे आहे यावर आमची मारामारी व्हायची. एली सोळा वर्षांचा असताना तिकडच्या एका मोटेलच्या तरणतलावात बुडी मारून वर आला, कठड्याला हात लावला, काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं आणि तसाच मागे गेला. पोहून दमलेला पोरगा पाण्यावर उताणा पडतो तसा. मला आठवतो तो क्लोरीनचा वास, घामेजलेल्या काचा, आणि मोठ्या माणसांचं ते उभं राहणं. कुणाचा तरी वाढदिवस होता, माणसं भरपूर होती. चांगली माणसं. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यापेक्षा जास्त कळणारं कुणीतरी पुढे होईल, मधे घुसणं बरं नाही. त्याचं हृदय थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं नाही. यंत्र तिथे नव्हतंच. असायला हवं असं कुठे लिहिलेलंही नव्हतं. पुढे कॉलेजात असताना मी वाचलं की पुलाच्या या बाजूला, मिनेसोटात, संकटात सापडलेल्याला जमेल ती रास्त मदत करणं कायद्यानेच बंधनकारक आहे, न केल्यास किरकोळ का होईना दंड आहे. त्या बाजूला, हृदय आपलं आपण थांबलं असेल तर, तसं बंधन मला सापडलं नाही. मदत करणाऱ्यावर सहसा खटला होत नाही, हे दोन्हीकडे. पण करायलाच हवी, हे एकीकडेच. म्हणजे तीच माणसं, तीच भिडस्त, हॉटेलात शेवटचा तुकडा कुणीच न उचलणारी, आणि पुलाच्या अर्ध्यावर त्यांच्यावर एक कर्तव्य येऊन बसतं. कुठल्या खांबापाशी? गाडी चालवताना मी अजूनही बघते. लग्न करून मी या बाजूला आले ते कर्टसाठी, कायद्यासाठी नव्हे. पण आईला तिकडे तिच्या घरी सोडून पुलावरून परत येताना मधोमध माझे खांदे उतरतात, हे खरं.

रिंक सांभाळतात रॉल्फ टॉरगर्सन. रस्त्यापलीकडच्या पिवळ्या घरात एकटेच राहतात, थंडीभर पहाटे नळी घेऊन बर्फावर पाण्याचा नवा थर देतात. त्या दिवशी ते फावड्याने कडेचं हिम ओढत होते. यंत्राचं विचारलं तर त्यांचा चेहरा खुलला, आपल्या गायीचं कुणी विचारावं तसा. आहे की, म्हणाले, माझ्याकडे आहे, स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर, मस्त उबेत. इथे बाहेर ठेवलं तर गोठून मरेल ते. बॅटरी जाईल, पट्ट्यांची खळ जाईल. उबेची खोली फक्त मुलं असताना तापते. गाडीची बॅटरी नाही का आपण कडाक्यात काढून घरात नेत?

मी म्हटलं, "पण रॉल्फ, पेटी तर इथे आहे."

"पेटी इथे कायद्याप्रमाणे," ते म्हणाले. "यंत्र तिथे हवेप्रमाणे."

आणि स्वतःच्याच विनोदावर त्यांनी फावडं एकदा आपटलं. मला हसू आलं. ही त्यातली वाईट गोष्ट. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. रिंकच्या क्लबाने किती रविवार पॅनकेक भाजून, विकून ते यंत्र घेतलं होतं, आणि त्यांनी ते लेकरासारखं जपलं होतं; रोज सकाळी कॉफी गाळताना त्याचा हिरवा दिवा लुकलुकतोय का ते बघतात, असं म्हणाले. लेम्पी आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने स्केट्स गळ्यातून काढून मला दिले, न सांगता, आणि गाडीकडे चालू लागली. रडली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी कायदा वाचला. कर्ट लोखंडाच्या खनिजाच्या गाड्यांवर आहे, त्याच्या वेळा विचित्र. तो जेवताना मी वाचून दाखवायची. तो म्हणाला, "बाकीच्या बायका स्वेटरचे नमुने वाचतात." पण मला मजा येत होती, त्याला काय म्हणू. आमच्या रिंकसारख्या जागी यंत्र लावलंच पाहिजे असं सांगणारं वाक्य मला मिळालं नाही. लावलं तर मात्र नोंद करा, कुठे आहे ते कळवा, पट्ट्यांची आणि बॅटरीची मुदत सांभाळा, सज्ज ठेवा. म्हणजे चांगुलपणा करायचा की नाही ते तुमच्यावर, एकदा केलात की मग नीट करा. आमच्या घरातच लिहिला असावा असा कायदा. आईचं अगदी हेच मत असतं पाहुण्यांबाबत. मग नोंदीवर माझं मन अडकलं. नोंद कशासाठी? कुणी घाबरून फोन केला तर पलीकडच्या आवाजाला सांगता यावं म्हणूनच ना, की बाहेरच्या भिंतीवर आहे, धावा. आणि कुणीतरी धावेल. दार उघडेल, भोंगा वाजेल, आणि हातात येईल लाल हातमोजा. मी तो धावणारा माणूस पुन्हा पुन्हा पाहिला. त्याला चेहरा नव्हता. पाठ होती फक्त. अशा वेळी मी उठून लेम्पीच्या खोलीत जाते, तिच्या पायजम्याच्या सदऱ्यावर कान ठेवते. घाबरून नाही, किंवा फक्त घाबरून नाही. ऐकायला. तिचं हृदय लहान जनावरासारखं, बिळात कूस बदलत असलेलं. ते माझ्यात होतं तेव्हा डॉक्टरांच्या यंत्रातून ऐकलं होतं, घोडा धावल्यासारखं. मला तेव्हाही भीतीआधी हाच प्रश्न पडला होता, की हे नेमकं कुणी सुरू केलं.

रविवारी क्लबाची बैठक होती, त्याच उबेच्या खोलीत. मी सभासद नव्हते, पण इथे बैठकीला या म्हणत नाहीत आणि येऊ नका तर त्याहून म्हणत नाहीत. जांभळ्या टोपीची बाई डार्लीन, तीच अध्यक्ष. तिने लिंबाच्या वड्यांचं ताट आणलं होतं. आधी नळीवर चर्चा झाली, मग फुटलेल्या दिव्यावर, मग कुणाच्या तरी गुडघ्यावर. लेम्पी कोपऱ्यातल्या बाकावर बसून दुसऱ्या मुलांच्या नाड्या बांधून देत होती. मी बोलले तेव्हा माझा आवाज फार सभ्य निघाला. मी म्हटलं की पेटीबद्दल मला जरा कुतूहल आहे. सगळ्यांनी वड्यांकडे पाहिलं. मी लेम्पीचं सांगितलं, आलेखाचं, सीमेचं. एलीचं नाही सांगितलं. रॉल्फ म्हणाले की गोठलेलं यंत्र असण्यापेक्षा ऊब असलेलं यंत्र शेजारी असणं बरं, आणि गोठलेल्याने दगा दिला तर खटला क्लबावर येईल तो वेगळाच. मी कलमं सांगायला लागले आणि डार्लीन अगदी मऊ आवाजात म्हणाली, "म्हणजे रॉल्फच्या स्वयंपाकघराबद्दल तुझी तक्रार आहे का गं?" तक्रार हा शब्द आमच्याकडे शिवीच्या जवळपासचा. नाही नाही, मी म्हटलं. रॉल्फ म्हणाले, त्यांच्या घराला कुलूप कधीच नसतं, बायकोला दवाखान्यात नेलं त्या दिवशीही नव्हतं. कुणीही जावं, घ्यावं, यावं. रस्ता तर ओलांडायचा.

"मी जाऊन आणते," मी म्हटलं. "आत्ता. समजा, कुणीतरी बर्फावर पडलंय."

"जा की," रॉल्फ म्हणाले. "फ्रिजवर आहे. मांजर असेल तर तिला बाजूला कर."

मी धावले. धावता येतं मला, आणि हवा इतकी थंड होती की श्वास आत जाताना खरचटत होता. रस्ता मोकळा होता. पायऱ्यांवर मीठ टाकलेलं. दार खरंच ढकलताच उघडलं, आणि आतली ऊब तोंडावर आली, कॉफीची, ओल्या लोकरीची, एकट्या पुरुषाच्या सुपाची. मधल्या चिंचोळ्या जागेतून समोर स्वयंपाकघर दिसत होतं, फ्रिज, फ्रिजवर यंत्र, त्याचा हिरवा ठिपका लुकलुकत होता, शांत, निरोगी. मला समाधान वाटल्याचं आठवतं. त्याच समाधानात मी वाकले. नाडीची गाठ बर्फाने घट्ट झाली होती. हातमोजा दातांनी ओढून काढला, नखाने गाठ सोडवली, टाच मोकळी केली, एक बूट काढून चटईवर रॉल्फच्या बुटांशेजारी सरळ ठेवला, आणि दुसऱ्याच्या गाठीला हात घातला. तेव्हा मला माझे हात दिसले. किती व्यवस्थित चालले होते ते. बर्फावर कुणीतरी पडलंय असं मीच म्हणाले होते, माझ्याच मुलीला मनात तिथे पाडून मी आले होते, आणि परक्याच्या स्वच्छ जमिनीवर बूट नेऊ नयेत म्हणून मी तिला तशीच पडू देऊन गाठ सोडवत होते. भीती वाटण्याआधी मला फार आश्चर्य वाटलं. जणू कुणीतरी माझ्यात आधीपासून राहत होतं आणि आज पहिल्यांदा दाराशी दिसलं. मोटेलमधली ती माणसं माझ्यापुढे आली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चेहऱ्यांसह. त्यांतली एक बाई, आईची मैत्रीण, पाण्यापर्यंत जायच्या आधी क्षणभर थांबली होती, असं मला नेहमी आठवायचं, आणि मी तिला त्याबद्दल कधी सोडलं नव्हतं. ती काय करत होती ते मला कधीच दिसलं नव्हतं. आता वाटलं, ती चप्पल काढत असेल. तलावाच्या कडेला बाहेरच्या चपला घालून जात नाहीत. ती दगड नव्हती, घाबरटही नव्हती. तिचे हात त्यांना शिकवलेलं करत होते, आणि हात मनापेक्षा जुने असतात. मला तिचा राग शोधावा लागला, आणि सापडेना. मग एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशी मी स्वयंपाकघरात गेले, मांजर नव्हतंच, यंत्र खाली काढलं आणि परत धावले. रस्त्यावर मोजा पहिल्या दोन पावलांतच ओला झाला आणि मग काहीच वाटेनासं झालं.

मी आत आले तेव्हा कुणी यंत्राकडे पाहिलं नाही. सगळे माझ्या पायाकडे बघत होते. बघत होते, हे मी मुद्दाम लिहिते; कुणीही नजर वळवली नाही. मोज्याखाली लाकडावर पाणी साचत होतं.

रॉल्फ म्हणाले, "बूट काढलास?"

"हो."

त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "मीसुद्धा काढले असते," ते म्हणाले. "माझ्याच घरात. धावत आलो असतो आणि काढले असते."

डार्लीन उठली, कोपऱ्यातून कुणाचा तरी जाड मोजा आणून तिने माझ्या हातात दिला आणि खुर्ची पुढे केली, आणि मी बसल्यावर म्हणाली की गाड्यांची इंजिनं उबेत ठेवायला भिंतीबाहेर विजेचा प्लग आहेच, तिथे तापणारी पेटी बसते का ते बघायला हवं. अशा पेट्या मिळतात म्हणे. कुणीतरी म्हणालं, गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायच्या झोपडीत त्याच्या मेव्हण्याने तशीच तार ओढली आहे. कुणीतरी म्हणालं, पण मेव्हण्याची झोपडी जळाली. सगळे हसले, मीही. पेटी यायला वेळ लागणार होता. तोवर कुठे ठेवायचं, यावर सगळ्यांनी पुन्हा वड्यांकडे पाहिलं. माझ्या मांडीवर ते यंत्र होतं, फ्रिजवरची ऊब अजून त्याच्यात होती. मी कोटाची चेन खाली ओढली, ते आत ठेवलं आणि चेन वर केली.

पुढच्या शनिवारी मी रिंकच्या कडेला तशी उभी होते. रॉल्फनी सकाळीच येऊन यंत्र माझ्या हवाली केलं होतं. कोटाखाली दोन्ही हातांनी ते पोटाशी धरलेलं, आणि त्याचा कोपरा बरगडीला रुतत होता. येणारे-जाणारे माझ्या फुगलेल्या कोटाकडे बघायचे आणि हवेबद्दल बोलायचे. एका म्हाताऱ्या बाईंनी फार जपून विचारलं की तब्येत बरी आहे ना, उभी नको राहूस फार वेळ. मी म्हटलं, आभारी आहे. खोटं नव्हतं. लेम्पी बर्फावर होती. पहिल्यांदा कठडा धरून, मग सोडून, मग पुन्हा धरून. गुडघे आत वळलेले, जीभ बाहेर. मी तिचे श्वास मोजत नव्हते. म्हणजे मोजायला लागायचे आणि मधेच तिचं वळणं बघत राहायचे, की शरीराला हे कसं कळतं, कुठल्या पायावर भार, कधी सोडायचं.

ती मधोमध गेली आणि पडली. मुलं पडतात तशी आधी बुडावर. मग आडवी झाली. मग एका कुशीवर वळली आणि तशीच राहिली, गाल बर्फावर.

माझा हात चेनवर गेला. चेन अर्धी खाली आली आणि थंडी आत शिरली, आणि मी बर्फावर होते, बुटांसकट, घसरत. पण मी एकटी नव्हते. कठड्याच्या त्या बाजूने डार्लीन निघाली होती, स्केट्सवरचा एक उंच माणूस ज्याचं नावही मला माहीत नाही तो वळून येत होता, आणि रॉल्फ फावडं टाकून, टोपी पडलेली, म्हाताऱ्या माणसाने धावू नये तसे धावत होते. कुणी कुणाला पुढे जा म्हटलं नाही. कुणाकडे कुणी बघितलं नाही की तुम्हाला जास्त कळतं का. मी गुडघ्यांवर पोचले तेव्हा त्यांचे पाय माझ्याभोवती होते.

लेम्पीचे डोळे उघडे होते. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"गप्प," ती म्हणाली. "खाली काहीतरी टकटक करतंय. ऐक ना."

तिच्या गळ्यावर माझी दोन बोटं होती आणि त्यांच्याखाली ते धावत होतं, जोरात, बेफिकीर. ऊन उतरत होतं. ऊन गेलं की बर्फ आकसतो आणि आतून वाजतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, लहानपणी प्रत्येकाने ऐकलेलं असतं आणि मोठेपणी कुणी ऐकत नाही. मी आडवी झाले. यंत्र पोटाखाली आलं, मी जरा कलंडले आणि गाल बर्फाला लावला. थंडी आधी दुखली. मग ऐकू आलं, लांबून, एक टक, आणि बऱ्याच वेळाने दुसरा.

झालं काही नाही हे भोवतीच्या सगळ्यांना कळलं होतं, आता जायला हरकत नव्हती. कुणी गेलं नाही.